कुणी ढकललं?

शाळेत बाईंचं खरं नाव मस्टरवर सही करण्यापुरतं उरलं होतं. एरवी त्या ढकलबाई. नाव मुलांनी ठेवलेलं, आणि मुलांनी ठेवलेलं नाव एकदा चिकटलं की माणूस निवृत्त झाला तरी सुटत नाही. बाईंना हे ठाऊक होतं. खोटं कशाला बोला, मनातून त्यांना ते आवडायचंही.

त्याचं मूळ त्यांच्या एका प्रश्नात होतं. फळ्यावर लिहीत असताना मागे एखादा बाक कर्रकन सरकला, की बाई पाठमोऱ्याच विचारायच्या, "कुणी ढकललं?" मागून कुणीतरी शहाणा हमखास म्हणायचा, "आपोआप सरकला, बाई." झालं. बाई खडू खाली ठेवायच्या, हात झटकायच्या आणि वळून सगळ्या वर्गाकडे बघायच्या. 'आपोआप' या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. बाक आपोआप सरकत नाही, डबा आपोआप सांडत नाही, पुढच्या मुलीची वेणी आपोआप ओढली जात नाही. कुणीतरी ढकलतं नाहीतर कुणीतरी ओढतं, आणि त्यालाच बल म्हणतात, हा त्यांचा पहिला धडा. वर्षाच्या सुरुवातीलाच त्या वर्गाला सवय लावून टाकायच्या. कुणाच्याही तोंडून 'आपोआप' निघालं, की बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, "आपोआप काही होत नाही. कुणी ढकललं?" मुलांना याची इतकी गोडी लागायची, की शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर भिंतीवर टकटक करायचे.

शिकवायची तऱ्हाही त्यांची त्यांचीच. टेबलावर डस्टर ठेवून म्हणायच्या, "याला सांगा, पुढे सरक म्हणून." मुलं आधी लाजायची, मग सांगायची. "आता रागवा." मुलं आनंदाने रागवायची. "आता जरा लाडीगोडी लावून बघा." डस्टर ढिम्म. मग बाई करंगळीने त्याला हलकेच सरकवायच्या आणि विचारायच्या, "एवढा घसा फोडून काय मिळवलंत?" त्यानंतर हातातला खडू सोडून द्यायच्या. खडू फरशीवर पडून त्याचे तुकडे व्हायचे. "याला कुणी ढकललं?" इथे वर्ग गडबडायचा, कारण कुणीच ढकललेलं नसायचं. "मी तर नुसता सोडला. मग तो खालीच का गेला? खिडकीतून बाहेर का नाही गेला?" बरीच डोकेफोड झाल्यावर कुठूनतरी पृथ्वीचं नाव निघायचं. हो, पृथ्वी ओढते. सगळ्यांना ओढते, सतत ओढते, कधी रजेवर जात नाही आणि वशिल्याने कुणाला सोडत नाही. इथे बाईंचा आवाज असा भरून यायचा, की पृथ्वी त्यांची थोरली बहीण असावी असं वाटे.

घरीही हेच. त्यांचा नवरा शहर बसवर ड्रायव्हर, गमत्या माणूस. त्याच्या हातून कप निसटला की बाई आतून विचारायच्या, "कुणी पाडला?" तो म्हणायचा, "पृथ्वीनं. रागवायचं तर तिला रागव."

या सगळ्याच्या मागे एक जुनी गोष्ट होती. बाई भावंडांत थोरल्या. घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं, की त्यांच्याच नावावर. धाकटा भाऊ कुंपणाच्या भिंतीवरून पडला, तेव्हा त्या मोरीत भांडी घासत होत्या; तरी वडिलांनी आत येऊन आधी त्यांच्या कानाखाली वाजवली आणि मग काय झालं ते विचारलं. पुढे शाळेत भौतिकशास्त्राचं पुस्तक हाती आलं, तेव्हा त्यांना नवल वाटलं. जगात असाही एक विषय होता, जो आधी विचारतो आणि मग ठरवतो. त्याच दिवशी त्यांनी ठरवून टाकलं, की शिकवायचं तर हेच.

पण बाईंची खरी कीर्ती गोळ्याची. गोळाफेकीचा लहान गोळा त्यांनी क्रीडाशिक्षकांकडून मागून आणला होता, वेल्डिंगवाल्याकडून त्याला कडी जोडून घेतली होती, आणि प्रयोगशाळेच्या छताला पूर्वी जिथे पंखा होता त्या हुकाला दोराने टांगला होता. गुरुत्वाकर्षणाच्या धड्याला बाई भिंतीला पाठ आणि डोकं टेकवून उभ्या राहायच्या. गोळा ओढून हनुवटीपाशी आणायच्या आणि नुसता सोडायच्या. गोळा झोका घेत पार समोरच्या कपाटापर्यंत जायचा आणि तिथून थेट त्यांच्या तोंडावर चाल करून यायचा. पुढच्या बाकावरच्या मुली डोळे मिटायच्या. बाई मात्र पापणीही हलवायच्या नाहीत. हनुवटीच्या अगदी जवळ येऊन गोळा क्षणभर थबकायचा आणि मुकाट परत जायचा. "जिथून सोडला त्याच्या वर तो येऊच शकत नाही," बाई सांगायच्या. "उलट हवेशी झगडून थोडा अलीकडेच थांबतो. यापेक्षा पुढे यायचा असेल तर त्याला कुणीतरी ढकलायला हवं. म्हणून दोनच गोष्टी लक्षात ठेवा. सोडताना ढकलायचं नाही आणि सोडल्यावर पुढे झुकायचं नाही. बाकीचं पृथ्वी बघून घेते."

या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, टूम काढली की ढकलबाईंचा हा पाठ दुसऱ्या शाळांच्या शिक्षकांनी येऊन बघावा. पाहुण्यांसाठी मागे खुर्च्या मांडल्या, पडदे धुतले, भिंतीला ताजा चुना लावला. तो वाळायच्या आतच पाहुणे आलेसुद्धा. मोठ्या बाईंनी आणखी एक सुचवलं. "गोळ्यासमोर या वेळी तुम्ही नको. एखाद्या मुलीला उभं करा. जास्त छाप पडते."

बाईंना ते पटलं. छाप कुणाला नको असते?

मुलगी निवडायलाही त्यांना वेळ लागला नाही. वर्गात एक होती, तिला सगळे खांब म्हणत. सकाळी मैदानावर रांगा लागल्या की बाकीच्या चुळबुळायच्या, ही कवायतीत शिकवल्यासारखी ताठ. एकदा नाकावर माशी बसली तरी हलली नव्हती, आणि तो किस्सा शाळाभर झाला होता. बोलणं जेमतेम, पण प्रश्न विचारला की हात वर. बाईंची ती मनातून लाडकी होती, हे बाई कुणाला सांगत नसत.

पाठ रंगला. डस्टरला रागवून झालं, खडूचे तुकडे झाले, पाहुणे हसले. मग खांब भिंतीशी जाऊन उभी राहिली. डोकं भिंतीला टेकलेलं, गोळा दोन्ही हातांच्या बोटांनी हनुवटीशी धरलेला. सगळं सांगितल्याबरहुकूम.

"आता सोड. ढकलायचा नाही, नुसता सोड."

मुलगी सोडेना. बोटं गोळ्याला चिकटल्यासारखी झाली होती. लोखंडाचा गोळा स्वतःच्या तोंडासमोर धरून बघा, म्हणजे कळेल. बाई म्हणाल्या, "काही होत नाही. सोड." मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. एका पाहुण्याने घड्याळाकडे बघितलं आणि ते नेमकं बाईंच्या नजरेस पडलं. दारात उभ्या मोठ्या बाई हसतमुखाने भुवया उंचावत होत्या. "अगं, सोड ना," म्हणत बाईंनी मुलीच्या बोटांवर आपला हात ठेवला आणि गोळा लोटला.

लोटला, याला दुसरा शब्द नाही. फार नाही, जरासाच. पण गोळा सुटला त्या क्षणीच त्यांच्या तळहाताला ते कळलं. गोळा कपाटाकडे गेला तो नेहमीपेक्षा वर गेला. तो परत फिरला, तेव्हा त्याचा वेग बाईंनी बघितला आणि "बाजूला हो" हे शब्द त्यांच्या घशापर्यंत आले. पण वर्षानुवर्षं ते तोंड फक्त 'हलायचं नाही' एवढंच सांगत आलं होतं. मुलगी हलली नाही. गोळा तिच्या तोंडावर आपटला.

वर्गातून एकच श्वास आत ओढल्याचा आवाज आला. मुलगी ओरडली नाही. ओठावर हात ठेवून खाली बसली आणि बोटांच्या फटींतून रक्त गणवेशावर ठिबकायला लागलं. आणि तेव्हा, पाहुण्यांच्या नजरा आपल्यावर खिळलेल्या असताना, बाईंच्या तोंडून जे निघालं ते असं.

"बघितलंत? पुढे झुकली. म्हणून सांगते, हलायचं नाही."

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. दोन मुलींनी तिला बाहेर नेलं आणि बाईंनी पाठ पुढे चालू ठेवला. झुकल्यामुळे काय झालं, तेही समजावून सांगितलं. फळ्यावर आकृती काढली. शेवटी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ खास पुढे येऊन म्हणाले, "अपघातातूनही शिकवलंत. याला म्हणतात प्रसंगावधान." बाई हसल्या. ते हसू नंतर कितीतरी दिवस त्यांच्या तोंडाला कडू लागत राहिलं.

प्रथमोपचाराच्या खोलीत त्या गेल्या तेव्हा मुलगी स्टुलावर बसली होती. खालचा ओठ फाटला होता, पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. बाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथे त्यांना ते दिसलं. तिच्या केसांना, डोक्याच्या मागच्या बाजूला, ओल्या चुन्याचा पांढरा ठिपका घट्ट बसला होता. डोकं पुढे जाऊन परत आपटलं असतं तर तो फासला गेला असता, दुसरा ठसा उमटला असता; हा एकच होता, रेखीव. गोळा येईपर्यंत आणि आल्यावरही तिचं डोकं भिंतीला चिकटूनच होतं, ते कुणालाही वाचता आलं असतं. बाईंनी हात पुढे केला आणि तो चुना झटकून टाकला. पुन्हा झटकला, केसांतून बोटं फिरवली, काही उरलं नाही ना बघितलं. दारातून मोठ्या बाई म्हणाल्या, "किती माया हो तुमची मुलांवर." मुलीने मान वर करून बाईंकडे बघितलं आणि परत खाली घातली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधीच बाई प्रयोगशाळेत हजर. छताचा हुक हलवून बघितला, हलला नाही. दोर ताणून बघितला, ताणला गेला नाही. कडीची वेल्डिंग बघितली, ती वेल्डिंगवाल्याच्या गर्वाइतकी मजबूत होती. मुलीच्या जागी खुर्ची ठेवून तिच्यावर पुस्तकांची चळत रचली, गोळा त्या चळतीला टेकवून नुसता सोडला. परत आला आणि अलीकडेच थांबला. पुन्हा सोडला. पुन्हा थांबला. आयुष्यभर 'आपोआप'ची टर उडवणारी बाई आता त्याच शब्दाचा पत्ता शोधत खोलीभर हिंडत होती, आणि कुठल्याच कोपऱ्यात तो सापडत नव्हता. अखेर त्यांनी गोळ्याला जरासं लोटलं. पुस्तकं धाडकन खाली पडली. बाई ती उचलत बसल्या, आणि उचलता उचलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुस्तकांच्या काळजीने नव्हे.

घरी नवऱ्याला त्यांनी 'एक मुलगी झुकली आणि लागलं' इतपतच सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "झुकली? कशी काय? मी दिवसभर ब्रेक मारतो, माणसं पुढे झुकतात. पण ती ब्रेक लागला म्हणून. तुझी पोरगी तर उभीच होती. तिचा ब्रेक कुणी दाबला?" तो गंमतच करत होता. वर आणखी त्याने बाईंचाच सूर काढला, "आपोआप काही होत नाही. कुणी ढकललं?"

"प्रत्येक गोष्टीची थट्टा करायची नसते," बाई म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या. तो बिचारा घास हातात धरून बघत राहिला.

वर्गात खांबचं नाव बदललं. आता मुलं तिला 'झुकली' म्हणायला लागली. "ए झुकली, सरक जरा." "झुकलीला विचारू नका, पडेल." बाईंच्या कानावर ते यायचं. एरवी कुणी कुणाला असं चिडवलं असतं तर बाईंनी अख्ख्या वर्गाची खरडपट्टी काढली असती. आता त्यांना तोंड उघडता येईना, कारण ते नाव मुळात त्यांनीच ठेवलं होतं. मुलगी मागच्या बाकावर जाऊन बसली. हात वर करणं तिने सोडलं. बाई शिकवताना तिच्या बाजूला बघायचं टाळू लागल्या आणि त्या नादात फळ्यावर चुकू लागल्या.

अशात एक दिवस मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. अंगात हॉस्पिटलच्या लाँड्रीचा निळा कोट, हातांना वाफेने आलेला लालसरपणा. खांबची आई. भांडायला आली असेल, असं बाईंना वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे त्या विचाराने थोडं हायसंही वाटलं.

"बाई, माफी मागायला आलेय," ती म्हणाली.

"कशाची?"

"पोरीमुळे तुमची पाहुण्यांपुढे शोभा झाली. एवढे मोठे लोक आलेले. कामावरून सुटी मिळेना, नाहीतर आधीच आले असते."

"नाही हो, तसं काही…"

"तसंच आहे. तुम्ही सांगता हलू नको अन् ही हलते म्हणजे काय? मी दिली तिला चांगली ठेवून. शाळेतून निरोप आलाच होता, बाईंचं ऐकलं नाही म्हणून. घरात पाऊल टाकलं तशी दिली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एरवी घरी दगडासारखी बसते हो. त्याच दिवशी कशी हलली, काही कळत नाही मला."

बाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. एक श्वास घेतला असता तर बाहेर पडलं असतं. मागे भूगोलाचे सर डबा खात होते, दोन शिक्षिका पेपर तपासत होत्या. बाई म्हणाल्या, "चहा घेणार?"

"नको, नको. कामावर जायचंय." आणि आई पुन्हा एकदा माफी मागून गेली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. बाई तर रोज शिकवत होत्या की धरणी सगळ्यांना ओढते. पण हवं तेव्हा ती कुणालाच पोटात घेत नाही. त्या नुसत्या खुर्चीत बसून राहिल्या. जिला वडिलांची चपराक अजून आठवत होती, तिच्यामुळेच एका पोरीला ओठ फुटलेला असताना वरून चपराक बसली होती. घंटा झाली तेव्हा भूगोलाच्या सरांना त्यांना हाक मारावी लागली.

पुढच्या तासाला त्याच वर्गावर जायचं होतं. बाई गेल्या आणि पुस्तक न उघडताच टेबलाशी उभ्या राहिल्या. सांगायचंच, असं त्यांनी जिन्यात ठरवलं होतं. पण जिन्यात ठरवणं वेगळं आणि सगळ्या वर्गासमोर उभं राहणं वेगळं.

"त्या दिवशी पाठाच्या वेळी गोळा लागला," त्यांनी सुरुवात केली. "त्यात हिची काही चूक नव्हती. तिला कुणी चिडवायचं नाही. प्रयोगात कधी कधी असं होतं. म्हणजे दोर असतो, हवा असते… गोळा जरा आपोआप जास्त पुढे…"

शब्द निघून गेला होता. बाईंना तो ऐकू येण्याआधी वर्गाला ऐकू आला. मुलांचे चेहरे खुलले. बाईंनाच पकडायची संधी आयुष्यात कितीदा येते? सगळा वर्ग बाकावर हात आपटत एका सुरात म्हणाला, "आपोआप काही होत नाही. कुणी ढकललं?"

पलीकडून भूगोलाच्या सरांनी भिंतीवर टकटक केलं. हसू ओसरलं. मुलं वाट बघत होती, नेहमीसारखं बाई काहीतरी मिश्कील उत्तर देतील म्हणून. फक्त मागच्या बाकावरची मुलगी सुरात सामील झाली नव्हती. ती ताठ बसली होती आणि बाईंकडे बघत होती.

"मी," बाई म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही.

"मी ढकलला. तिच्या हातून सुटत नव्हता, पाहुणे बसले होते, मला घाई झाली. मी हाताने लोटला. ती अजिबात झुकली नव्हती. मला ते तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी सगळ्यांसमोर खोटं बोलले."

पुढच्या बाकावरचा एक व्यवहारी मुलगा म्हणाला, "बाई, मग त्या पाहुण्यांना पण सांगावं लागेल."

"हो."

"मोठ्या बाईंना?"

"त्यांनाही सांगते."

मन मोकळं केलं की हलकं वाटतं, असं लोक सांगतात. बाईंना काही हलकं वाटलं नाही. कानशिलं तापली होती, आणि या मुलांसमोर आपण पुन्हा कधी 'कुणी ढकललं' म्हणू शकू का, हा प्रश्न समोर उभा होता. उरलेला तास त्यांनी मुलांना धडा वाचायला लावला.

शाळा सुटल्यावर मुलगी दप्तर भरत मागे रेंगाळली. बाई तिच्या बाकापाशी गेल्या.

"तुला माहीत होतं?"

मुलीने मान डोलावली. "तुमचा हात माझ्या हातावर होता, बाई."

"मग सांगितलं का नाहीस? मी खोटं बोलतेय, असं म्हणायचं होतंस."

मुलीने दप्तराचा बंद ओढून घट्ट केला. बोलताना तिच्या दाताचा उडालेला कोपरा दिसत होता. "मला वाटलं, तुम्हाला कळलं नसेल. घाईत होतात ना. मग म्हटलं, आता बाई विचारतील. तुम्ही कायम विचारता, कुणी ढकललं म्हणून. बाक सरकला तरी विचारता." तिने दप्तर खांद्याला लावलं. "त्या दिवशी विचारलंच नाहीत. तेव्हा मला कळलं, की तुम्हाला माहीत आहे."

मग तिनेच विचारलं, "आईला तुम्ही सांगाल? मी सांगितलं तर तिला वाटेल, मी आता तुमच्यावर ढकलतेय."

लाँड्री हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, तळघरात होती. मुलगी रोज शाळा सुटल्यावर वरच्या पायरीवर आईची वाट बघत बसायची; आजही ती तिथेच बसली. बाई एकट्या खाली उतरल्या. आत वाफ, ओल्या कापडाचा वास आणि एका लांब टेबलावर चादरींचे ढीग. खांबची आई इस्त्री फिरवत होती. बाईंना बघून तिने घाईघाईने एक स्टूल कोटाच्या बाहीने पुसलं. "बसा ना, बाई. परत काही केलं का पोरीने?"

बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हात, घाई, पाहुणे, आकृती. चुन्याचंही सांगितलं, जे वर्गात सांगायचं राहिलं होतं. आई ऐकत होती आणि मधूनमधून "असू द्या", "होतं असं", "तुम्ही काय मुद्दाम केलंत का" म्हणत होती. मोठ्या माणसांना माफ करायची तिला फार सवय असावी. बाईंना वाटलं, तिने एकदा तरी आवाज चढवावा.

मग तिचं इस्त्री फिरवणं थांबलं. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे ती हललीच नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"मी मारलं तिला." तिने हाताकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "दारातच. ओठ एवढा सुजलेला. काय झालं गं, एवढंसुद्धा विचारलं नाही मी."

"मीही विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

आईने कोटाला हात पुसले. "कुठाय ती?"

"वर. पायरीवर बसलीय."

दोघी जिन्यापाशी आल्या. वर दाराच्या उजेडात मुलीची पाठ दिसत होती, ताठ, अजिबात न हलणारी. आईने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि तशीच थांबून बाईंकडे बघितलं. बाईंनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ झाला तरी त्या दोघींतल्या एकीलाही आधी वर जायचा धीर होईना.